गुंडू सर आणि पाण्यावरून उडालेली गोळी

आमच्या फिजिक्सच्या सरांच्या तासाला पहिला बाक नेहमी रिकामा असायचा. सर वर्गात येताना एक कापडी पिशवी घेऊन येत आणि हजेरी झाली की तिच्यातली एकेक वस्तू काढून नेम धरून फेकत. ओल्या मातीचा गोळा फळ्यावर, सायकलचा छर्रा दगडी फरशीवर, रबरी चेंडू भिंतीवर, आणि एकदा तर उकडलेलं अंडं टेबलाच्या कडेवर. गोळा चिकटे, छर्रा उसळे, अंडं पुढच्या पोरांच्या अंगावर उडे. सत्तर सालानंतरच्या त्या धारवाडात प्राध्यापकानं असं करावं हे आम्हांला नवलाचंच होतं. कानडी मुलांनी त्यांना 'गुंडू सर' म्हणायला सुरुवात केली. कानडीत गुंडू म्हणजे बंदुकीची गोळी, आणि गोल गरगरीत माणसालाही गुंडूच म्हणतात. सर मात्र काठीसारखे उभट होते, त्यामुळे नाव जास्तच शोभे.

फेकण्याआधी ते विचारायचे, "आता काय होईल?" आम्ही लगेच वेगाचं, वजनाचं बोलू लागलो की हात वर करून थांबवायचे. "जोर किती ते मागाहून. आधी समोर काय आहे ते सांगा." एकच गोळी मातीत रुतते, लाकडात अडकते, दगडावर चेपून भाकरीसारखी होते, गोळी तीच, वेग तोच, मग फरक कुणी केला? असं विचारून ते वर्गभर नजर फिरवत. मार खाणारी वस्तूही मारणाऱ्याला काहीतरी करते, ही गोष्ट त्यांना इतकी महत्त्वाची वाटे की ती सांगताना त्यांचा आवाज खाली येई.

आणखी एक सवय होती, तिला आम्ही हसायचो. काहीही फेकण्याआधी सर समोर बघतच नसत. आधी डावा कोपरा बघत, मग उजवा. तिथं कुणी उभं असेल तर त्याला बसवल्याशिवाय हात उचलत नसत. एकदा शिपाई नोटीस घेऊन दाराशी बाजूला उभा राहिला तर सर एवढ्या जोरात ओरडले की त्याच्या हातातून कागद पडला. चेंडू तर रबरी होता. तास संपेपर्यंत सर नुसते फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिले.

मी बी.एस्सी. झाले आणि कायद्याकडे वळले. सरांना ते आवडलं नसावं, पण म्हणाले, "जा. तिथंही टक्करच असते, फक्त मोजत कुणी नाही." तेव्हापासून ते मला 'वकीलबाई' म्हणू लागले. सनद मिळायच्या आधीपासून म्हणत होते, त्यामुळे ती मिळाल्यावर मला नवं काही वाटलं नाही.

मी धारवाडच्या एका ज्येष्ठ फौजदारी वकिलांकडे काम शिकत होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्याकडे अळणावरजवळच्या एका खेड्यातला खुनाचा खटला आला. आरोपी फकीरप्पा नावाचा शेतकरी. रानडुकरांपासून भात राखायला त्याच्याकडे ठासणीची बंदूक होती, रीतसर परवान्याची. गावाच्या तळ्याच्या बांधावर उभं राहून त्यानं संध्याकाळी एक गोळी झाडली आणि पलीकडच्या काठावर त्याचा चुलतभाऊ यल्लाप्पा मेला. दोघांचं शेताच्या बांधावरून भांडण होतं आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. फकीरप्पा म्हणे, मी पाण्याच्या कडेला आलेल्या डुकरावर बार काढला, यल्लाप्पा तिथं आहे हे मला दिसलंही नाही. पण गोळी यल्लाप्पाच्या बरगडीखाली शिरून वर गेली होती. उंच बांधावरून मारलेली गोळी खाली जाईल, वर कशी जाईल? सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की फकीरप्पा बांधावर नव्हताच. तो खाली काठाशी दबा धरून बसला होता आणि तिथून त्यानं वर नेम धरला.

"आपला माणूस म्हणतो गोळी पाण्यावर आपटून उडाली," अण्णा म्हणाले. "सरकारी तज्ज्ञ म्हणतो, अशक्य. आणि मलाही तेच वाटतं. पाणी काय दगड आहे? हा माणूस फासावर जाईल गं, आणि मला त्याच्यासाठी बोलायला एक वाक्य सापडत नाही."

मला एकच माणूस आठवला. मी त्याच दुपारी सप्तापूरला सरांच्या घरी गेले. सर अंगणात सायकलची चेन काढून बसले होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण बंदूक हा शब्द आल्यावर त्यांनी चेन फडक्यावर ठेवली आणि हात पुसायला लागले. हात स्वच्छ झाले तरी पुसतच होते.

"मी त्या कामात पडत नाही," ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मला सोडायला फाटकापर्यंत आल्या. तिथं उभ्या राहून त्यांनी जे सांगितलं ते धारवाडात कुणालाच माहीत नव्हतं. सर प्राध्यापक व्हायच्या आधी उत्तरेकडे तोफगोळ्यांच्या चाचणीच्या मैदानावर नोकरीला होते. जाड पोलादी पत्रे वेगवेगळ्या कोनांत उभे करायचे, त्यांच्यावर गोळे झाडायचे आणि कुठला गोळा शिरतो, कुठला घसरतो ते बघायचं. कुट्टन नावाचे त्यांचे सहकारी होते, सरांच्याच वयाचे, नुकतंच लग्न झालेले. एके दिवशी गोळा पत्र्यात शिरेल असा सरांचा हिशेब होता. तो शिरला नाही. पत्र्यावरून घसरून बाजूला गेला. बाजूला कुट्टन उभे होते.

"त्यांनी कुठं उभं राहायचं ती जागा ह्यांनीच खडूनं गोल करून दिली होती," काकू म्हणाल्या. "चौकशीत ह्यांचा दोष निघाला नाही. गुप्त काम, म्हणून त्यांच्या बायकोला कुणी काही सांगायचं नाही असा हुकूम झाला. ह्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर दिवाळीला घरात फटाकासुद्धा आणू दिला नाही."

मी सायकल हातात धरून पायीच परत आले. अण्णांना म्हटलं, सर यायचे नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सरांची सायकल अण्णांच्या ऑफिसच्या पायरीला टेकलेली होती.

"एक अट आहे," सर अण्णांना म्हणाले. बसलेही नाहीत. "जे निघेल ते मी कोर्टात सांगीन. तुमच्या माणसाच्या विरुद्ध निघालं तरी सांगीन. चालेल?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवली.

कोर्टाच्या परवानगीनं पोलिसांच्या चांदमारीच्या मैदानावर प्रयोग सुरू झाले. बंदूक हातात धरायची नाही, घट्ट बसवायची, म्हणून सरांनी हुबळीला गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यातून लोखंडी घोडा, बंदूक अडकवायचा सांगाडा, करून आणला. उडालेल्या गोळ्या मोडू न देता पकडायला अमरगोळच्या बाजाराच्या आवारातून कापसाच्या गाठी मागवल्या. मग शिशाच्या गोळ्या एकेका वस्तूवर झाडल्या: सागवानी फळी, ओली माती, काळा दगड, खाटकाकडून आणलेलं मेंढीचं हाड, आणि लांब पन्हळीत भरलेलं पाणी. बार पोलीस काढायचा. सर लांब उभे असत. प्रत्येक बाराआधी डावीकडे बघत, उजवीकडे बघत, आणि आवाज झाला की त्यांचे डोळे मिटत.

कापसातून काढलेल्या गोळ्या त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या. दगडावरची चेपून खरवडलेली होती, हाडावरची खाचा पडलेली. पाण्यावरून उडालेल्या गोळीची एक बाजू मात्र नितळ सपाट होती, बोट फिरवलं तर कुठं अडत नव्हतं. यल्लाप्पाच्या अंगातून काढलेली गोळी कोर्टात आम्ही पाहिली होती. तिचीही एक बाजू अशीच होती.

"म्हणजे जिंकलो!" मी म्हणाले.

"थांब," सर म्हणाले. "पाण्यावरून गोळी उडते, पण फार तिरकी आली तरच. चपटा खडा टप्पे खात जातो ना, तसं. जरा उभी आली की बुडते. आता नकाशाप्रमाणे बांधाची उंची धरू."

कोर्टात दाखल झालेल्या नकाशातली बांधाची आणि पाण्याची मापं घेऊन त्यांनी घोडा बसवला. बार काढला. गोळी पन्हळीच्या तळाला जाऊन बसली. पुन्हा काढला. पुन्हा तळाला. संध्याकाळपर्यंत एकही गोळी उडाली नाही.

अण्णा रुमालानं मान पुसत म्हणाले, "सर, आजचं हे कुठं बोलू नका. मी तुम्हांला साक्षीला बोलावतच नाही, संपलं."

"तुम्ही नाही बोलावलंत तर सरकारी वकील बोलावतील. त्यांचा पोलीसच बार काढत होता." सर शांतपणे म्हणाले. "आणि विचारलं तर मी सांगणार. अट विसरलात काय?"

ते दिवस फार वाईट गेले. अण्णा माझ्याशी बोलेनासे झाले, कारण सरांना मी आणलं होतं. मी तुरुंगात फकीरप्पाला भेटायला गेले की तो गजांपलीकडून माझ्या तोंडाकडे बघत बसे. अशातच एक दिवस सरांनी मला थांबवून सांगितलं, "त्याला एकच विचारून ये. त्या दिवशी पाणी कुठपर्यंत होतं?"

मी विचारलं. फकीरप्पा लगेच म्हणाला, "केरी तुंबित्री, अक्का." तळं भरलं होतं. पहिल्या दिवसापासून तो हे सांगत होता, पण पोलिसांनी, अण्णांनी आणि मीही ते एका कानानं ऐकून सोडून दिलं होतं.

आम्ही बसनं त्या गावी गेलो. तेव्हा उन्हाळा होता. तळ्याचं पाणी मध्ये आकसलेलं, कडेचा गाळ तडकलेला. बांधाच्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ वाळून काळं झालं होतं, आणि ते पार वरच्या पायरीपर्यंत होतं. सर त्या पायरीवर बसून राहिले. मोजणीदारानं नकाशा केला तो असाच उन्हाळ्यात केला होता. गोळी झाडली तेव्हा पावसाळा नुकताच सरत होता, पाणी बांधाला टेकलं होतं. वरून खाली गेलेली गोळी नव्हतीच ती. ती पाण्याला जवळजवळ समांतर गेली होती.

"समोर काय होतं ते आपण पाहिलंच नाही," सर म्हणाले. "मीसुद्धा नाही."

सरांनी साक्ष दिली. पन्हळीत गोळ्या बुडाल्या, तेही न विचारता सांगितलं. सरकारी वकिलांनी हसून म्हटलं, "प्राध्यापक महाशय, पन्हळीत काय वाटेल ते होतं. तळ्यावर करून दाखवाल?" सर म्हणाले, "तळं भरू दे. दाखवतो." न्यायाधीश विचारी होते. त्यांनी जागेची पाहणी ठेवली, पण पाऊस होऊन पाणी त्या पायरीला लागेपर्यंत ती पुढे ढकलली. फकीरप्पा तोवर तुरुंगातच राहिला.

पाहणीच्या दिवशी सगळं गाव तळ्यावर लोटलं होतं. बांधावर लोखंडी घोड्यात फकीरप्पाचीच बंदूक बसवली. फकीरप्पाला दोन पोलिसांच्या मध्ये उभं केलं होतं. पलीकडच्या काठावर, यल्लाप्पा पडला त्या जागी, माणसाच्या उंचीची फळी रोवली. लोकांना फळीच्या मागून हटवलं, पण ते नुसते बाजूला सरकून थोड्या अंतरावरच्या आंब्याखाली गोळा झाले. न्यायाधीश आणि आम्ही बांधावर.

पहिला बार झाला. पाण्यावर पांढरी रेघ उठली आणि गोळी शिटी घालत फळीच्या खूप वरून निघून गेली. काही लोक हसले. सरकारी वकील म्हणाले, "शेजारच्या गावाला लागली वाटतं."

पोलिसानं पुन्हा दारू ठासली. तो चापाला बांधलेली सुतळी ओढणार एवढ्यात सर ओरडले, "थांबा!"

तो आवाज मी वर्गात ऐकला होता. सगळे दचकले. सरांचं बोट आंब्याकडे होतं. "ती माणसं तिथून काढा."

"सर, फळी कुठं, झाड कुठं?" सरकारी वकील म्हणाले. "गोळी समोर जाते, बाजूला नाही."

"पाण्याला लागल्यावर ती कुठं जाईल हे मला सांगता येत नाही. तेच सांगायला मी इथं आलोय. माणसं काढल्याशिवाय बार होणार नाही."

न्यायाधीशांनी मान डोलावली. पोलिसांनी लोकांना पार टेकडीमागे नेलं. एक बाई तेवढी उठेना. ती यल्लाप्पाची बायको, निंगव्वा. आंब्याच्या बुंध्याला टेकून, पाय दुमडून बसली होती. पोलिसानं हाक मारली, दटावलं. ती जागची हलली नाही.

सर बांधावरून चालायला लागले. तळ्याला अर्धा वळसा घालून पलीकडे जायला बराच वेळ लागला. मी त्यांच्या मागे गेले. तिच्यासमोर पोचल्यावर सर खाली मातीत बसले, पँटची पर्वा न करता.

तिनं विचारलं, "बेकंत होडदिल्लेनु?" मुद्दाम मारलं नाही का, एवढंच.

सरांनी तिला कानडीतच सांगितलं की ते मला माहीत नाही. गोळी पाण्याला लागून आली, एवढंच मला कळतं. त्याच्या मनात काय होतं ते मला कळत नाही.

"मग तू कशाला आलास?"

"तुला इथनं उठवायला, अव्वा."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग जमिनीवर हात टेकून उठली आणि आमच्याबरोबर टेकडीमागे चालत आली. सर तिला तिथं बसवून, पुन्हा तळ्याला वळसा घालून, बांधावर परतले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि पोलिसाला खूण म्हणून हात खाली केला.

बार झाला. पाण्यावर रेघ उठली, आणि पलीकडे आंब्याच्या बुंध्यातून सालीचा तुकडा उडाला. फळीला काहीच लागलं नव्हतं.

न्यायाधीश स्वतः तळ्याला वळसा घालून झाडाशी गेले. बुंध्यातलं भोक जमिनीपासून फार उंच नव्हतं. बसलेल्या माणसाचं डोकं येईल तिथं होतं. पटाशीनं खणून गोळी काढली. एका बाजूला लाकडानं चेमटली होती, दुसरी बाजू नितळ सपाट होती. सरकारी वकिलांनी ती हातात घेतली, परत दिली, आणि घाम नसताना कपाळ पुसलं. निंगव्वा टेकडीमागून आली होती. तिनं भोकात बोट घालून पाहिलं आणि घराकडे गेली.

सर बांधावर खाली बसले होते. मी पाण्याचा तांब्या दिला तर तो त्यांना धरवेना, मीच तोंडाला लावला. जीपमधून परत येताना ते एकदाच बोलले. "कुट्टनच्या बायकोला कुणीच काही सांगितलं नाही," म्हणाले. काकूंनी मला सगळं सांगितलंय हे त्यांना ठाऊक होतं की काय, कोण जाणे. मी विचारलं नाही.

खुनाचा आरोप टिकला नाही. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल फकीरप्पाला शिक्षा झाली. तेवढी त्याची आधीच भोगून झाली होती. तो सुटल्यावर तांदळाचं पोतं घेऊन सप्तापूरला आला आणि सरांच्या पायांवर डोकं ठेवलं. सरांनी त्याला उठवलं, पण चेहरा कठीणच ठेवला. "तू मुद्दाम मारलं नसशील. पण पलीकडं कोण आहे ते न बघता मारलंस. हे पोतं निंगव्वाच्या घरी टाक. आणि भांडणातला तो बांध तिला सोडून दे." फकीरप्पानं पोतं नेलं. बांधाचं काय झालं, मला माहीत नाही. पण त्या दोन घरांमध्ये पुन्हा कोर्टकचेरी झाली नाही हे खरं.

अण्णांनी पुढे अनेक खटल्यांत सरांना बोलवायचा प्रयत्न केला. सर एकदाही आले नाहीत. त्यांचं शिकवणं मात्र त्या वर्षापासून बदललं असं नंतरच्या मुलांकडून ऐकलं. फेकणं कमी झालं, बोलणं वाढलं. गोळ्यांबद्दल बोलता बोलता मुलांना म्हणत, "हिशेब चुकला तर पहिल्यांदा ज्याला लागलं त्याच्या घरी जा. मग कागदावर दुरुस्ती करा."

निवृत्त झाल्यावर सर-काकू बेळगावला मुलीकडे राहायला निघाले. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. मी धारवाड स्टेशनवर सोडायला गेले. काकू आत सामान लावत होत्या. सर फलाटावर माझ्याशेजारी उभे होते. गाडीला अजून सिग्नल मिळाला नव्हता.

"वकीलबाई, मी जाऊन आलो," ते अचानक म्हणाले.

"कुठं, सर?"

"केरळात. कुट्टनच्या घरी. तळ्याच्या त्या पाहणीनंतर लगेच. सुट्टी काढून. पत्ता लागायला वेळ लागला. आता हुकूम मोडला म्हणून धरायचं तर धरू देत. सगळं सांगितलं तिला. पत्र्याचा कोन, माझा हिशेब, खडूचा गोल. सगळं."

"काय म्हणाल्या?"

"रागावली नाही. शाळेत शिकवते. मुलगी आहे एक, त्याच्यामागून झालेली. माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, त्यांना दुखलं का?"

सर फलाटाच्या टोकाकडे बघत होते.

"मी नाही म्हणालो. तत्क्षणी गेले, काही कळलं नसेल, असं म्हणालो." त्यांचा आवाज खाली गेला. "तसं नव्हतं. मी त्याच्याजवळ होतो. बराच वेळ होतो. तळ्यावर दोन गोळ्या बुडाल्या असत्या तर मी दोन सांगितल्या असत्या, एक लपवली नसती. पण तिथं खोटं बोललो. आणि वकीलबाई, ते परत घ्यावं असं मला अजून एकदाही वाटलं नाही."

गाडीनं शिटी दिली. काकूंनी खिडकीतून हाक मारली. सर डब्यात चढले, आणि गाडी हलली तेव्हा खिडकीतल्या त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधीच न पाहिलेलं निवांतपण होतं.